कुणाच्या घरची भाकरी

परमुलखात गेल्यावर माणसाने दोन गोष्टी सांभाळाव्यात, पोट आणि तोंड, असं माझी बायको म्हणते. बीड जिल्ह्यातल्या चार दिवसांत माझं पोट उत्तम राहिलं. तोंड मात्र सुटलं, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

"बीडला काय आहे बघण्यासारखं?" हे निघण्याआधी मला निदान दहा जणांनी विचारलं. आमच्या कोल्हापूरकडे बीड म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढे येतात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात, शिवारात खोपी पडतात, आणि हंगाम संपला की सगळं उठून जातं. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, निम्मी नोकरी उसाच्या बांधांवर झाली. पण त्या माणसांपैकी एकालाही "बाबा, गाव कुठलं तुझं?" असं मी कधी विचारलं नाही. हे आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

मला जायचं होतं ते आजोबांसाठी. आजोबा मूळचे केजकडचे, निजामाच्या राज्यातले मास्तर. रझाकारांचा उच्छाद वाढला तेव्हा शाळा सोडून ते सरहद्दीवरच्या कॅम्पात दाखल झाले. कॅम्प हद्दीच्या अलीकडे, नगर जिल्ह्यात. तिथून पलीकडे निजामाच्या मुलखात शिरायचं, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळायची, तारा तोडायच्या, डोंगरात चार-आठ दिवस दडून राहायचं आणि परत यायचं. हैदराबाद मोकळं झाल्यावर त्यांना कोल्हापुरात शाळेची नोकरी मिळाली आणि आमचं घराणं कायमचं तांबड्या रश्श्याला लागलं.

गणपतीत आम्हा नातवंडांना गोळा करून आजोबा तेव्हाच्या गोष्टी सांगत. त्यात सगळ्यांत रंगायची ती फितूर रामजीची. कडा नावाच्या गावाच्या पुढे एका खेड्यात रामजी नावाचा कुणबी रझाकारांना घरी बसवून जेवू घालायचा. आजोबांनी डोंगरावरून स्वतःच्या डोळ्यांनी त्यांच्या पंगती बघितल्या. मग चार गडी घेऊन उतरले आणि रामजीची कडब्याची गंजी पेटवून दिली. "पण त्या दळभद्र्याने सूड उगवला," आजोबा सांगत, "पुढचे दोन दिवस आम्हाला गावातून भाकरीचा तुकडा मिळाला नाही." इथे आम्ही पोरं रामजीला यथेच्छ शिव्या देत असू. तो डोंगर आणि ते गाव एकदा बघायचं, एवढाच माझा बेत होता.

कडा

जानेवारीचा दुसरा आठवडा. कड्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ मागवली. मिसळीच्या बाबतीत आम्ही मनाचे मोठे नसतो, तरी सांगतो, रस्सा झणझणीत होता आणि मालकाने तो न मागता दोनदा ओतला. आमच्याकडे मागितल्यावर ओततात, वर हिशेबाने बघतात.

मालकाला गावाचा रस्ता विचारला. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. "हे काय हितंच हाय," तो म्हणाला. बीडकडचं "हितंच" म्हणजे किती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोनदा चुकलो. एकदा रस्ता सरळ एका ज्वारीच्या रानात जाऊन संपला आणि गाडी मागे घेताना मागचं चाक चारीत, म्हणजे रानाला पाणी नेणाऱ्या छोट्या पाटात, गेलं. ज्यांच्या रानात गेलो होतो त्या नवरा-बायकोने शिवी न देता गाडी काढून दिली, आणि वर हातात हिरवी कणसं दिली. चारी कशी काढावी यावर मी आयुष्यभर लोकांना व्याख्यानं दिली आहेत, ते मी त्यांना सांगितलं नाही.

मुलूख बघण्यासारखा आहे. आमच्यासारखी डोळे भरणारी हिरवळ नाही. बालाघाटाच्या उतरत्या रांगा, उघडे माळ, मध्येच काळ्या रानाचा पट्टा आणि त्यावर छातीइतकी ज्वारी. नजर लांबवर जाते. डोंगरावर बसलेल्या माणसाला खालच्या गावातलं अंगण न् अंगण दिसत असणार, हे मला पटलं. आजोबा खोटं बोलत नव्हते.

गाव

गावात शिरलो आणि कुणी दिसेना. घरोघर कुलपं. सगळं गाव तोडीला गेलेलं, बहुधा आमच्याचकडे. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर शाळेत जाणारी पोरं. उघडं दार सापडलं ते पिठाच्या गिरणीचं. मालक उत्तमराव, माझ्याच वयाचे, कोपरापर्यंत पांढरे. मी कोण, कुठला, कशाला आलो, यातलं काहीएक न विचारता त्यांनी गिरणी बंद केली, मागच्या घरात नेलं आणि पायावर पाणी घातलं.

"पावनं, आदी जेवून घ्या. काम कुठं पळून चाललंय?"

आमच्याकडे पाहुण्याला "जेवणार का?" असं विचारतात आणि तो "नको, आत्ताच झालं" म्हणतो, मग आग्रह, मग पान. इथे विचारायची पद्धतच नाही. चुलीपुढे उत्तमरावांची आत्या बसली होती, सरूबाई. वय विचारलं तर म्हणाल्या, रझाकारांच्या वक्ताला मी सात-आठ वर्सांची हुते. म्हणजे ऐंशीच्या पुढेच. तरी भाकरी अशी थापत होत्या की काठ कुठेही चिरत नव्हता. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी मी पहिल्यांदाच खात होतो. तिसरी वाटी संपली तेव्हा माझ्या अंगात आजोबा शिरले.

सरूबाईंनी रझाकारांचा विषय काढलाच होता. मग मी ती गोष्ट सांगितली. अगदी गणपतीतल्यासारखी, हातवारे करून. पंगत, डोंगर, गंजी, आगीचा लोळ आणि शेवटी दोन दिवसांचा उपास. रामजीला आजोबा द्यायचे ती शिवीसुद्धा दिली. उत्तमराव मान खाली घालून जेवत होते. सरूबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक गरम भाकरी टाकली आणि तव्याकडे वळल्या. मला वाटलं, गोष्ट छान झाली.

हात धुवायला बाहेर आलो तेव्हा उत्तमरावांनी तांब्या धरता धरता सांगितलं. "पावनं, तुमाला ठाव न्हवतं, म्हणून राग न्हाई. पर रामजी म्हंजे माझा आज्जा. आत्याचा बाप."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या न्हाणीच्या दगडावर कळलं. ज्या घराची गंजी माझ्या आजोबांनी जाळली, त्याच घरची भाकरी खात मी त्या घराच्या मेलेल्या धन्याला शिवी दिली होती.

पुढचं उत्तमरावांनी ओट्यावर बसून सांगितलं. गंजी जळाली त्या साली कडब्यावाचून बैल उपाशी मेले. रझाकार गेले, पण "फितूर" हा शब्द घराला चिकटला. सरूबाईंना आसपास कुणी सून म्हणून करून घेईना, शेवटी पार घाटनांदूरकडे दिली. नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या. आणि या सगळ्यात रामजीने आयुष्यात एकदाही, व्हय किंवा न्हाई, तोंडातून काढलं नाही. उत्तमराव त्याच्या मांडीवर वाढले, त्यांनाही नाही.

मी निघायचं ठरवलं. गाडीपाशी सरूबाई आल्या, पदर खोचलेला, हाताला पीठ तसंच.

"लेकरा," त्या म्हणाल्या. एकसष्टाव्या वर्षी मला कुणी लेकरा म्हणेल असं वाटलं नव्हतं. "तुज्या आज्यानं नेमकं काय बघितलं हुतं? दादा त्यांस्नी खबर देताना बघितला का निस्ता जेवू घालताना?" बापाला, रामजीला, त्या दादा म्हणत.

मी आठवून बघितलं. चाळीस वेळा ऐकलेली गोष्ट होती. त्यात खबर कुठेच नव्हती, नुसत्या पंगती होत्या. तसं सांगितलं.

"पंगती तर म्याबी बघितल्यात. आई ढिगानं भाकरी करायची. मला निस्तं कळू दे. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई. मी रडणार न्हाई. पर आता कळाल्याबिगर जाऊ वाटंना."

गावात ते माहीत असलेला एकच माणूस जिवंत होता, ज्ञानबा. तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, आता नव्वदी केव्हाच ओलांडलेला. सरूबाईंचा मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला त्या त्याला ओवाळायच्या आणि हेच विचारायच्या. दर वेळी तो म्हणायचा, बाई, एवढं सोडून काय बी माग. तो आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतो, असं सरूबाई इतकी वर्षं समजत आल्या होत्या. गप्प बसण्याचा दुसरा अर्थ मलाही सुचला नाही.

ज्ञानबाची वस्ती

त्या रात्री मी उत्तमरावांकडेच राहिलो, आणि गंजी जाळणाऱ्याच्या नातवापुढे तरी ज्ञानबा बोलेल या आशेने दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्याच्या वस्तीवर गेलो. गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. उत्तमरावांनी जाता जाता हुरड्याची कणसं मोडून घेतली. त्यांचा माझ्यावर खरोखरच राग नव्हता, नाहीतर कोण कुणाला हुरडा खाऊ घालतं. ज्ञानबा उन्हात घोंगडीवर बसला होता. दात एकही नाही. हुरडा खाता येत नाही, पण भाजताना वास घ्यायला पुढे सरकतो.

"कुनाचा तू?" त्याने मला विचारलं. बीडकडे नाव नंतर विचारतात.

मी आजोबांचं नाव सांगितलं. कॅम्पात त्यांना सगळे सखाराम मास्तर म्हणत, तेही सांगितलं. म्हातारा घोंगडीवरून पुढे सरकला. मग विचारलं, "मास्तर कवा येणार हाय?"

आजोबा वारले त्याला तीस वर्षं होऊन गेली, असं मी म्हणालो. ज्ञानबाने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"मंग आता सोडवणार कोन?"

हे काय आहे ते आम्हाला हळूहळू कळलं. तो थांबत थांबत बोलला, पण एकदाही घोटाळला नाही. डोंगरातल्या माणसांना खायला गावातून जायचं. माणसं पकडली जात, मार खाऊन बोलत, आणि मग रझाकार ते घर जाळत. म्हणून मास्तर एके दिवशी गावातल्या खंडोबाच्या देवळात आले. अकरा जणांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात बेलाचं पान आणि भंडारा दिला आणि शपथ घ्यायला लावली. कुणाच्या घरची भाकरी, हे कुणी कुणाला सांगायचं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. "मलाबी न्हाई, म्हनला मास्तर. मी धरला गेलो तर मलाबी ठाव नसलेलं बरं. मी येऊन सोडवीस्तवर."

बेलभंडार उचलून केलेली शपथ म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, मास्तर कोल्हापूरला गेले. इकडे अकरा जण वाट बघत राहिले. आज ना उद्या तो येईल आणि सोडवील. एकेक करून दहा जण गेले.

आणि आजोबा? कोल्हापुरात गच्चीवर बसून दर गणपतीत गोष्ट सांगत होते. एस. टी.त बसून एकदा इकडे येणं त्यांना चाळीस वर्षांत जमलं नाही. मला त्यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला नवीन होतं.

"तू त्याच्या रगताचा हाईस," ज्ञानबा म्हणाला. "तू सोडव."

मी देव मानतो की नाही, माझा हा अधिकार आहे की नाही, असले प्रश्न कुणाला पडले नाहीत. उत्तमराव गावात जाऊन खंडोबाचा भंडारा आणि बेलाची पानं घेऊन आले. ज्ञानबाने पान तळहातावर घेतलं, वर भंडारा घातला आणि हात माझ्यापुढे केला. लहानपणी आम्ही खेळताना शपथ सोडवायचो, तोच शब्द म्हणायचा होता. त्याच्या हातावर हात ठेवून मी म्हणालो, "सुटली."

त्याने पान घोंगडीवर ठेवलं आणि सरूबाईंकडे वळला.

"भाकरी तुज्याच घरची, बाई."

मग तो बोलायचा थांबेना. रझाकार गावात जेवण मागत. रामजी आपण होऊन पुढे झाला, माझ्या घरी जेवा म्हणाला. त्यामुळे झालं असं की त्यांच्या जेवणाच्या नावाने घराघरातून उघड पीठ गोळा करता येऊ लागलं. गावचा मुलाणी, स्वतः मुसलमान, तोसुद्धा दोन पायली पीठ द्यायचा आणि वर रझाकारांपैकी कोण कुठे निघालंय ती बातमी द्यायचा. रामजीच्या चुलीवर दिवसभर धूर निघाला तरी कुणाला शंका येईना. निम्म्या भाकरी पंगतीला, निम्म्या कडब्याच्या पेंढीत बांधून गंजीत. ज्ञानबा बैलांना म्हणून पेंढी न्यायचा, ओढ्याच्या पलीकडे टाकायचा, तिथून दुसरा उचलायचा. पुढे कोण, ते ज्ञानबाला आजही माहीत नाही.

"मंग मास्तरनं गंजीच पेटिवली," तो म्हणाला. "तवा आत वीस-बावीस भाकरी हुत्या."

आजोबांचा तो दोन दिवसांचा उपास! आपलं कोठार आपल्याच हाताने जाळून ते डोंगरावर भुकेले बसले आणि शिव्या रामजीला दिल्या. शपथ घेतलेल्या अकरांतलाच माणूस रझाकारांना वाढताना दिसला, म्हणून तो त्यांना फितूर वाटला. रामजी समोर उभा राहून आग बघत होता. एक शब्द बोलला असता तर मास्तरांनी स्वतः माती टाकून विझवली असती. पण "मलाबी न्हाई" असं मास्तरांनीच सांगून ठेवलं होतं.

"तिसऱ्या दिशी दादा मला म्हनला, ग्यानबा, बरंच झालं. आता रझाकारांची आपल्यावर खातरी बसली." तसंच झालं. कॅम्पवाल्यांनी ज्याची गंजी जाळली तो आपलाच माणूस, असं धरून रझाकारांनी त्या घराची झडती घेणं सोडलं. पोलीस ॲक्शनपर्यंत डोंगरातली सगळी भाकरी त्या एका घरातून गेली.

धरण सगळ्यांना दिसतं, चारी कुणी बघायला जात नाही, हे मी नोकरीत नेहमी म्हणायचो. बंदूकवाल्यांच्या गोष्टींवर आम्ही वाढलो. बंदूकवाला रोज दोन वेळा जेवतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी सरूबाईंचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"दादा मेला तवा तरी सांगायचं, ग्यानबा," त्या म्हणाल्या.

"बेलभंडार हुता, बाई."

"व्हय. दादानंबी उचलला हुता." हे बोलताना त्यांची मान वर झाली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही गोष्टबी सांगत जा आता. पर गावाचं नाव घालू नगं. अकरा घरांतलं कोन काय करत हुतं, ते ज्येनं त्येनं सांगावं."

परत येताना ओढ्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. काठावर ज्वारीचं रान होतं आणि बांधाला एक दगड, त्यावर ना नाव ना शेंदूर. रामजीला तिथे अग्नी दिला होता. सरूबाईंनी माझ्याकडे पाणी मागितलं. त्यांना तहान लागली असेल म्हणून मी माझी बाटली दिली. त्या दगडापाशी जाऊन बसल्या.

"सांगावा आला हुता घाटनांदूरला, दादाचं काय खरं न्हाई, शेवटचं पानी पाजाया ये म्हनून," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्या गेले न्हाई. फितुराला कशाला पानी पाजू, म्हनले."

त्यांनी बाटली तिरकी केली आणि दगडावर बारीक धार धरली. काळी माती पाणी लगेच पिऊन टाकत होती. "पी, दादा," त्या म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा, लहान पोराला पाजावं तशा. निम्मी बाटली झाल्यावर थांबल्या, डोळे पुसले आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"घे. तुज्या आज्याच्या वाटचं तू घाल."

मी खाली बसलो आणि घातलं.